मोठा माणूस नको, कामाचा माणूस बोलवा

पत्र

मी माध्यमिक शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. शाळेच्या 'करिअर डे'ची जबाबदारी सलग दुसऱ्या वर्षी माझ्या गळ्यात पडली आहे. गेल्या वर्षी पाच पाहुणे बोलावले होते: एक डॉक्टर, एक इंजिनीअर, एक वकील, बँकेतले एक मोठे अधिकारी आणि एक उद्योजक. आठवी ते दहावीची मिळून जवळजवळ 300 मुलं हॉलमध्ये आणि प्रत्येकाचं 40 मिनिटांचं भाषण. दुसऱ्या भाषणाला मागच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली, चौथ्याला सरळ डुलक्या. शेवटी 'काही प्रश्न?' असं विचारलं तर एकच हात वर आला. त्या मुलाने उद्योजकांना विचारलं, 'तुम्हाला महिन्याला किती मिळतात?' सगळा हॉल हसला, पाहुणे ओशाळले, आणि मुख्याध्यापकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलेले नाही.

यंदाही तसंच करायचं का? माझी कुठल्या कंपनीत ओळख नाही, नात्यात कोणी मोठ्या हुद्द्यावर नाही. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी बेताचीच परिस्थिती आहे, मार्कही मध्यम. त्यांना मोठमोठी माणसं दाखवून आपण उगाच आशेला लावतोय का, असंही कधी कधी वाटतं. आणि एक बारीकसा प्रश्न: पाहुण्यांना स्मृतिचिन्हं द्यायची की नाही, यावरून आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले आहेत.

– एक वर्गशिक्षिका

उत्तर

बाई,

आधी त्या मुलाबद्दल बोलू. पाच भाषणं ऐकल्यावरही ज्याच्या डोक्यात एक खरा प्रश्न शिल्लक होता, असा तो तुमच्या हॉलमधला एकटाच, आणि त्याच्यावरच हॉल हसला. महिनाअखेरीची ओढाताण रोज बघणारा पोरगा कामाबद्दल पहिलं हेच विचारणार. त्यात आगाऊपणा कसला? फक्त 300 जणांसमोर, माइकवर, कोणीही स्वतःचा आकडा सांगणार नाही. तोच प्रश्न सहा जणांच्या घोळक्यात, 'या कामात नवखा माणूस सुरुवातीला किती कमावतो, आणि दहा वर्षांनी किती?' असा विचारला की माणसं मोकळेपणाने सांगतात. कापून हातात किती पडतात, कुठल्या महिन्यात काम नसतं, ओव्हरटाइम कसा मोजतात, हेही सांगतात. मी कितीदा तरी ऐकलं आहे.

तुमचं जे झालं ते माझंही झालं आहे. शाळांमध्ये मार्गदर्शक म्हणून काम करायला लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी एका कारखान्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना बोलावलं. मोठी मिनतवारी करून वेळ मिळवली होती. गृहस्थांनी 50 मिनिटं पीपीटी दाखवली: कंपनीची वाढ, कंपनीची उलाढाल, कंपनीची मूल्यं, शेवटी 'स्वप्नं मोठी पाहा'. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, 'काल आलेले साहेब दिवसभर काय काम करतात?' बराच वेळ कोणी बोलेना. मग एकजण म्हणाला, 'मीटिंग.' दुसरी म्हणाली, 'सर, ते यशस्वी आहेत.' साहेबांचा दोष नव्हता. मी त्यांना 'मार्गदर्शनपर दोन शब्द' बोलायला सांगितलं होतं आणि त्यांनी दोन शब्द बोलून दाखवले.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसलो आहे आणि तुम्हालाही तीच सांगणार आहे. मुलांना माणसाचं यश ऐकवायचं नाही, त्याचं काम दाखवायचं. तो सकाळी गेल्यावर पहिलं काय हातात घेतो, कोणाची बोलणी खातो, कशात अडकतो, कशात रमतो, हे मुलांना कळलं की भेट झाली. नाही कळलं तर ते भाषण.

आता कोणाला बोलवायचं ते पाहू. तुमची पाच जणांची यादी मी दहा शाळांत पाहिली आहे, फार तर वकिलाच्या जागी पोलीस अधिकारी असतो. ही पाच कामं मुलांना आधीच माहीत असतात. माहीत नसतं ते बाकीचं सगळं. पिसा ही शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय पाहणी. तिच्या 2018 च्या फेरीत वेगवेगळ्या देशांतल्या 15 वर्षांच्या मुलामुलींना विचारलं होतं, तिशीत तुम्ही कोणतं काम करत असाल? ही पाहणी घेणाऱ्या ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने 2020 मध्ये त्याचा अहवाल काढला. मुलींपैकी 53 टक्के आणि मुलांपैकी 47 टक्के जणांची उत्तरं जेमतेम दहा व्यवसायांत आटोपली. 2000 सालापेक्षा हे वर्तुळ लहानच झालं होतं. म्हणजे जगात कामं हजारो, आणि निम्म्या पोरांच्या डोक्यात तीच दहा. उरलेली कामं मुलांनी नाकारलेली नसतात, ती त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसतात.

काही कामं पोचतात, पण 'आपली नव्हेत' म्हणून बाजूला पडतात, आणि तीही फार लवकर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी 1981 मध्ये मांडलं की मुलं स्वप्नं निवडत जाण्यापेक्षा खोडत जातात. साधारण सहा ते आठ या वयात 'हे बायकांचं, हे पुरुषांचं' अशी खोडाखोड होते. नऊ ते तेराच्या दरम्यान 'हे आपल्या घरातल्यांसाठी नाही', 'हे हलकं' आणि 'हे आपल्याला झेपणार नाही' अशी. स्वतःला काय आवडतं याचा विचार त्यानंतर, चौदाच्या पुढे. तोवर यादी अर्धी झालेली असते. ब्रिटनमधल्या एका प्राथमिक शाळेत 2016 मध्ये मुलांना अग्निशामक जवान, शल्यचिकित्सक आणि लढाऊ विमानाचा वैमानिक यांची चित्रं काढायला सांगितली. 66 चित्रं आली. त्यांतल्या 61 चित्रांत पुरुष होते आणि पाचांत बायका. मग खऱ्याखुऱ्या तिघी गणवेशात वर्गात आल्या आणि मुलं बघतच राहिली. तुम्ही आठवी ते दहावी घेता ते ठीकच आहे, पण पाचवी-सहावीच्या बाईंना विचारून त्यांचाही एखादा वर्ग यात आणता आला तर माझं मत ऐका आणि आणा. त्या वयात करिअर वगैरे शब्दही काढू नका. नुसती माणसं दाखवा.

ओळखी नाहीत म्हणता. एका पैशाचाही खर्च नसलेली एक गोष्ट करा. पालकांना चिठ्ठी पाठवा, पण तिच्यात 'व्यवसाय' असा रकाना ठेवू नका. तो रकाना दिला की 'नोकरी', 'मजुरी', 'गृहिणी', 'खासगी' एवढंच लिहून येतं आणि तुमच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी विचारा: 'काल दिवसभरात तुम्ही हाताने किंवा डोक्याने कोणकोणती कामं केलीत?' आणि खाली दुसरा प्रश्न: 'तुमच्या कामाच्या ठिकाणी असा कोण आहे, ज्याचं काम बाहेरच्यांना माहीतच नसतं?' मी असं पहिल्यांदा विचारलं तेव्हा 'खासगी नोकरी' करणारे एक वडील निघाले लिफ्टची वार्षिक तपासणी करणारे. 'गृहिणी' असलेल्या एक आई तयार कपड्यांच्या एका युनिटसाठी घरून बाह्या जोडत होत्या, आणि एका नजरेत टाका किती सैल आहे ते सांगत. एका मुलीची मावशी इस्पितळात होती. 'नर्स का?' म्हटलं तर 'नाही, ती हत्यारं उकळते'. म्हणजे निर्जंतुकीकरण विभागात. शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, तपासून, संच लावून, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, काढून परत थिएटरला पाठवायची. तो संच वेळेत आला नाही तर सर्जन हात बांधून उभा. मुलीला स्वतःला हे ठाऊक नव्हतं.

चिठ्ठीतल्या दुसऱ्या प्रश्नावर माझा फार भरवसा आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये छापलेल्या एका पाहणीत अमेरिकेत नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की नोकरीची खबर देणारा तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा, असं सांगणारे 17 टक्क्यांच्या आसपासच होते. बाकीच्यांना खबर आली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून. कारण सोपं आहे. जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं. तुम्ही, तुमचे सहकारी, मुलांचे आईवडील सगळे एकाच गोतावळ्यातले. चिठ्ठीतून आलेल्या माणसाच्या ओळखीचा माणूस त्याबाहेरचा असतो. म्हणून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला निघताना विचारत चला: 'आता आणखी कोणाला बोलावू?' तीन फेऱ्यांत तुमची वही भरते.

थेट मालकांनाही विचारा. दहा-पंधरा माणसं हाताखाली असलेला लहान वर्कशॉपवाला, छापखान्यावाला, वाहतूकवाला मोठ्या कंपनीपेक्षा पटकन हो म्हणतो, कारण त्याला कोणाची परवानगी काढायची नसते. शिवाय माणसं घेताना तो काय बघतो, हे त्याच्याच तोंडून ऐकण्यासारखं असतं. एकाने मुलांना सांगितलं होतं, 'मार्कशीट मी बघतो, पण नंतर. आधी टेबलावर टेप ठेवतो आणि म्हणतो, ही फळी मोजून दे. जो दोनदा मोजतो त्याला ठेवून घेतो.' मुलांच्या वह्यांत हे वाक्य शब्दशः उतरलेलं होतं.

फक्त एक सांभाळा. मोफत येतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला कामाबद्दल बोलायचं असतंच असं नाही. क्लासवाले, प्रवेश एजंट, कुठल्या तरी कोर्सची पत्रकं घेऊन फिरणारे तुमच्या दारात आधी उभे राहतील. फोनवरच सांगून टाका: पत्रकं नाहीत, नावनोंदणी नाही, मुलांचे नंबर नाहीत. ज्यांना हे पटत नाही ते परत फोन करत नाहीत, आणि तेच बरं. पाहुणा कोणीही असो, वर्गात एक शिक्षक पूर्ण वेळ हवा, आणि पुढचा पत्रव्यवहार शाळेमार्फतच.

मांडणीबद्दल. हॉल सोडा, वर्ग घ्या. बाकं गोलात, प्रत्येक गोलात सहा-सात मुलं आणि एक पाहुणा. वीस मिनिटं झाली की घंटा, पाहुणे पुढच्या गोलात. मुलांनी हलायचं नाही, पाहुण्यांनी हलायचं, नाहीतर गोंधळ. एका वेळी एकच वर्ग घेतला की सहा पाहुण्यांत काम भागतं, आणि दोन तासांत प्रत्येक मूल सहाही जणांना भेटतं. स्वागतगीत, परिचय, प्रास्ताविक, आभार यांतलं काही ठेवू नका. मुख्याध्यापकांना फारच वाटलं तर दारात उभं राहून हात जोडू द्या.

पाहुण्याची ओळखही करून देऊ नका. पहिली पाच मिनिटं मुलांनी त्याचं काम ओळखायचं, आणि त्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. 'तुम्ही बसून काम करता?' 'कपडे खराब होतात?' 'रात्री जावं लागतं?' एवढ्यात मुलांची भीड चेपते, आणि गंमत म्हणजे त्यांचे अंदाज कुठे चुकतात ते त्यांना स्वतःलाच दिसतं. एका गोलात 'हे काम बायकांना जमत नाही ना?' असं विचारून मुलं थांबली. समोर बसलेल्या बाई म्हणाल्या, 'नाही,' आणि मग पोरांना कळेना की त्या 'नाही'चा अर्थ काय. वेल्डिंग करायच्या त्या.

आमंत्रणाचं पत्र तुम्ही स्वतः लिहा, शाळेच्या छापील नमुन्यात नको. मी साधारण असं लिहितो:

'आपण आमच्या शाळेत यावं. भाषण करायचं नाही, तयारी नको, कपडे कामावरचेच. येताना आपल्या कामातली एक वस्तू आणावी, जी मुलांना हातात घेता येईल. गेल्या आठवड्यातला कुठलाही एक दिवस, सकाळपासून सांगावा. कामात झालेली एखादी चूक सांगता आली तर फार चांगलं. आणि आज हे काम करता, त्याआधी काय काय करून पाहिलंत तेही. मुलं पगाराबद्दल विचारतील. आपला आकडा सांगायची गरज नाही, त्या कामात साधारण काय मिळतं ते सांगावं.'

वस्तू आणा म्हणतो त्यामागे अनुभव आहे. मोठे फ्रीज आणि शीतगृहांच्या यंत्रणा दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आम्ही बोलावला होता. मुखदुर्बळ माणूस, फोनवर दोनदा म्हणाला की मला बोलता येत नाही. आला तो पिशवीत दोन जुन्या मोटारी आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन. एक मोटार चालू केली, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या कवचाला लावलं, मुठीचा भाग कानापुढच्या हाडावर टेकवला आणि डोळे मिटले. मग दुसरी. काही न बोलता त्याने स्क्रूड्रायव्हर समोरच्या मुलाच्या हातात दिला. मुलं एकेक करून ऐकायला लागली. 'दुसरीत आवाज आहे.' 'कसला?' 'खरखर.' 'सारखी की मध्ये मध्ये?' पुन्हा रांग. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी दोन वेळा ऐकून म्हणाली, 'ठरावीक ठेक्यावर.' मेकॅनिकने मान डोलावली, 'बेअरिंगला एका जागी खड्डा पडलाय. काम शिकताना हे ओळखायला मला चार महिने लागले.' मग त्याला बोलता येत नव्हतं हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. घंटा झाली तरी गोल हलेना.

त्याच दिवशी हिशेब तपासणाऱ्या एक बाई दोन बिलं घेऊन आल्या होत्या. एकात गफलत होती, शोधा म्हणाल्या. बेरीज बरोबर, दर बरोबर. तारीख अशी, की माल पोचायच्या आधीच माल मिळाल्याची सही! ज्या चार पोरांना ते सापडलं त्यांना गणित आवडत नव्हतं, पण भानगड शोधायला आवडत होती. अकाउंट्स म्हणजे बेरजा, हा समज तिथे गेला.

मुलांची तयारी मात्र आधी करून घ्या, एक तास पुरतो. सोडून दिलं तर ती 'तुमचा आदर्श कोण?' आणि 'यशाचं रहस्य काय?' असलंच विचारतात, कारण आपणच त्यांना तसं बोलायला शिकवलेलं असतं. वर्गात फळ्यावर प्रश्न लिहून घ्या आणि चाळा. ज्याचं उत्तर पाहुणा झोपेतही देईल तो प्रश्न खोडा. उरतात ते बघा कसे असतात: या कामात कंटाळवाणं काय? चूक झाली तर कोणाचं नुकसान होतं? साहेब चुकत असेल तर बोलता येतं का? शाळेतलं काय उपयोगी पडलं, काय अजिबात नाही? हे काम कोणी करू नये? हा शेवटचा प्रश्न माझा लाडका आहे. पाहुणे क्षणभर गप्प होतात आणि मग खरं बोलतात.

भेटीनंतरचा तास तर मी भेटीपेक्षा मोठा मानतो, आणि बहुतेक शाळांत तोच गळतो, कारण दुसऱ्या दिवशी पोर्शन उभा असतो. दुसऱ्याच दिवशी घ्या, आठवड्याने नको. निबंध लिहायला लावू नका. तीन ओळी पुरे: काल काय नव्याने कळलं, काय खटकलं, आता कोणाला काय विचारावंसं वाटतंय. 'खटकलं' हा शब्द सोडू नका. आमच्याकडे लहानपणापासून पशुवैद्य व्हायचं म्हणणारी एक मुलगी होती. एक पशुवैद्य बाई येऊन गेल्यावर तिने लिहिलं, 'मला प्राणी आवडतात, पण त्यांना दुखवावं लागतं ते मला जमणार नाही.' घरच्यांनी मला बोलणी सुनावली, तुम्ही मुलीचं मन फिरवलंत म्हणून. पाच-साडेपाच वर्षांचं शिक्षण अर्धं झाल्यावर हे कळण्यापेक्षा नववीत कळलं, तर बिघडलं कुठे? पण त्यांना ते पटलं नाही, आणि मी फार वाद घातला नाही.

आता मुख्याध्यापकांना काय सांगायचं. त्यांना आकडे लागतील, तर हे घ्या. ब्रिटनमध्ये 2011 साली 19 ते 24 वयाच्या सुमारे 1,000 तरुणांना विचारलं होतं, की शाळेत असताना काम देणाऱ्या माणसांशी तुमचा किती वेळा संबंध आला? ज्यांचा एकदाही आला नव्हता त्यांच्यात चारामागे एकजण ना शिकत होता, ना कामावर होता. चार किंवा जास्त वेळा आलेल्यांत असे शंभरात चार-पाच. हे आठवणीवरून सांगितलेलं आहे, आणि अशा भेटी घडवणाऱ्या शाळा मुळातच बऱ्या असू शकतात, तेव्हा सगळं श्रेय भेटींना देऊ नका. तरी 'चार' हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे 2014 मध्ये जॉन होल्मन या शिक्षणतज्ज्ञांनी गॅट्सबी या ब्रिटनमधल्या धर्मादाय प्रतिष्ठानासाठी इंग्लंडमधल्या शाळांकरता आठ कसोट्या मांडल्या. त्यांतली एक अशी, की वयाच्या अकराव्या वर्षापासून दरवर्षी प्रत्येक मुलाची काम देणाऱ्यांशी निदान एक अर्थपूर्ण भेट व्हावी. भर 'प्रत्येक' आणि 'दरवर्षी' यांवर. जपानच्या ह्योगो प्रांतात तर 1998 मध्ये याहून पुढचं सुरू झालं: मध्यम शाळेच्या दुसऱ्या वर्षातली, म्हणजे 13-14 वर्षांची मुलं, पाच दिवस शाळेऐवजी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जातात.

तुम्हाला एवढ्या लांब जायचं नाही. मुख्याध्यापकांकडे एवढंच मागा: वर्षातून एक मोठा दिवस देण्याऐवजी दर सत्रात दोन, दोन-दोन तासांचे. तयारीचा वेळ धरला तर हे त्या एका अख्ख्या दिवसापेक्षा जास्त होतं, पण तुमच्या नववीच्या चार फेऱ्या होतात. दैनंदिनीत 'करिअर डे' हे नाव हवं असेल तर पहिल्या फेरीला द्या.

कारखाना किंवा कचेरी दाखवायला नेण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून थोडक्यात. पहिल्या वर्षी नको. परवानग्या, बस, सुरक्षेचे नियम यांत तुमचा दम निघेल. नेलंच कधी तर 40 मुलांची रांग अख्ख्या इमारतीतून फिरवू नका. पाच-पाच मुलं एकेका जागी अर्धा तास उभी करा. शिफ्ट बदलताना माणसं एकमेकांना काय सांगतात ते ऐकायला मिळालं तर उत्तमच.

राहता राहिली तुमची शंका. मध्यम मार्कांच्या मुलांना आशेला लावतोय का? गेल्या वर्षीच्या पाच पाहुण्यांच्या बाबतीत, थोडंफार हो. पाचही जण शिडीच्या वरच्या पायरीवर बसलेले, आणि मधल्या पायऱ्या कोणी दाखवल्या नाहीत. तेच इस्पितळ घ्या. डॉक्टर सगळ्यांना दिसतो. डायलिसिसचं मशीन चालवणारा टेक्निशियन, मॉनिटर आणि व्हेंटिलेटर दुरुस्त करणारा, रक्तपेढीतला, क्ष-किरण काढणारा, विम्याचे कागद बघणारा, ती हत्यारं उकळणारी मावशी, हे कोणाला दिसत नाहीत. त्यांतल्या प्रत्येक कामाला वेगळं शिक्षण, वेगळा वेळ, वेगळा खर्च. पुढच्या वेळी एकाच ठिकाणची अशी सहा माणसं बोलावून बघा. डॉक्टरलाही बोलवा, पण सहांतला एक म्हणून. 'मी यांच्याशिवाय काय करू शकत नाही' हे त्यानेच सांगितलं तर आणखी चांगलं.

आणि वाकड्या वाटेने आलेला एक तरी माणूस हवाच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन क्रमबोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मांडलं की माणसांच्या कामाच्या आयुष्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. तो टाळता येत नाही, पण चौकस राहून, चिकाटीने, थोडी जोखीम घेऊन त्याचा फायदा करून घेता येतो. मुलांना हे सांगून पटत नाही. दहावीला नापास झालेला, मग दुकानात लागलेला, तिथे संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या मागे मागे फिरून आज नेटवर्कची केबल टाकणारी आठ माणसांची टीम सांभाळणारा कोणी समोर बसला की पटतं. असा माणूस तुमच्या चिठ्ठ्यांत नक्की निघेल. बहुधा तो 'माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे' म्हणून नकार देईल. दुसऱ्यांदा विचारा.

स्मृतिचिन्हांचं म्हणाल तर मी नको म्हणणाऱ्यांच्या तटात. ती पाहुण्याच्या कपाटावर धूळ खातात आणि शाळेचे पैसे जातात. त्याऐवजी गोलातल्या एकेका मुलाने पाहुण्याला चार ओळींचं पत्र लिहावं: तुम्ही अमुक सांगितलंत ते लक्षात राहिलं, आणि एक राहून गेलेला प्रश्न. सगळी एका पाकिटात घालून आठ दिवसांच्या आत पाठवा. शुद्धलेखन तपासायला बसू नका. पाहुण्याकडून त्या राहून गेलेल्या प्रश्नांची उत्तरं आली, तर ती वर्गाच्या सूचनाफलकावर लावायला जागा ठेवा.